बसऱ्याला गेलेली पलटण

माण-खटावकडच्या आमच्या मुलखात पाऊस हा दूरच्या पाहुण्यासारखा. आला तर आला, नाही तर निरोपसुद्धा नाही. जिरायत रान, चार शेरडं आणि घरात खाणारी तोंडं दहा. अशा घरातल्या पोरांना पूर्वीपासून दोनच वाटा होत्या, एक मुंबईच्या गिरणीची आणि दुसरी पलटणीची. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, म्हणायचे, "गिरणीत छाती जाती, पलटणीत जीव जातो. पर मनीऑर्डर दोनीकडनं येती."

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला हिंदी शिपायाला महिन्याला 11 रुपये पगार होता. आज तो आकडा वाचून हसू येतं, पण ज्या घरात वर्षाकाठी अकरा रुपये रोख दिसत नव्हते त्या घराला तो पगार म्हणजे दुसरी विहीरच. आबांचा चुलता असाच गेला. त्याच्याबरोबर शेजारच्या आळीतला आणखी एक जण गेला. चुलता परत आला नाही. दुसरा आला. त्याला मी लहानपणी पाहिलं आहे. गावात त्याला कुणी नावानं हाक मारत नसे, सगळे 'बसऱ्याचा म्हातारा' म्हणत. पुढे मी वाचायला लागलो, तेव्हा त्या म्हाताऱ्याच्या तुटक बोलण्याला पुस्तकांतल्या तारखा आणि गावं जोडत गेलो. हा लेख त्या जोडकामाचा आहे.

1914 च्या नोव्हेंबरात सहावी पुणे डिव्हिजन इराणच्या आखातात उतरली. इराणच्या तेलाची राखण हा इंग्रजांचा पहिला हेतू. महिना संपायच्या आत बसरा हाती आलं. या डिव्हिजनमध्ये पंजाबी होते, राजपूत होते, गोऱ्यांच्या पलटणी होत्या आणि मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: 103, 110 आणि 117. आज बेळगावात जिचं केंद्र आहे त्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे पूर्वज. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं. ज्यांनी कृष्णेपेक्षा मोठी नदी पाहिली नव्हती ती तैग्रीसच्या काठानं चालायला लागली.

1915 च्या एप्रिलात या डिव्हिजनवर मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड हे सेनापती आले. माणूस हुशार आणि नाव कमावलेला. 1895 साली चित्रळच्या वेढ्यात त्यांनी किल्ला लढवला होता. जूनमध्ये त्यांनी अमारा घेतलं, सप्टेंबरच्या अखेरीस कूत-अल-अमारा घेतलं. तिथून बगदाद दिसायला लागलं, नकाशावर तरी. वरच्या हुद्द्यावरच्या जनरल निक्सन यांना बगदाद हवं होतं. टाउनशेंड यांना मनातून ते पटत नव्हतं. आपल्याकडं माणसं कमी आहेत, बोटी कमी आहेत, रसद पोचणार नाही, हे त्यांना कळत होतं आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं. पण हुकूम आला तसे ते निघाले.

22 नोव्हेंबर 1915 ला बगदादच्या अलीकडं टेसिफोनला लढाई झाली. चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. लढाईत माणूस मरतो, त्याची शिपायाला तयारी असते. पण जखमी झाल्यावर आपल्याला कोण उचलणार, कशातून नेणार, हे ज्यांनी आधी ठरवायचं त्यांनीच ते ठरवलं नव्हतं. दवाखान्याच्या बोटी नव्हत्या. डॉक्टर कमी, औषधं कमी, पट्ट्या कमी. हाडं मोडलेल्या माणसांना बिनकमानीच्या खेचरगाड्यांत घालून मैलोन्‌मैल नदीपर्यंत आणलं. ज्यांनी बैलगाडीतून बाळंतीण किंवा आजारी माणूस दगडी वाटेनं नेला आहे, त्यांना यातला प्रत्येक हिसका कळेल. म्हातारा सांगायचा, "गाडीतली मानसं म्हनायची, आमाला खाली उतरवा, आमी रांगत येतो."

तिथून बोटीत भरून बसऱ्याला. 'मेजिदिया' नावाची एक बोट अशीच बसऱ्याच्या धक्क्याला लागली. तिथं मेजर कार्टर नावाचे लष्करी डॉक्टर होते. त्यांना लांबून बोटीच्या कडेनं दोर लोंबताना दिसले. बोट जवळ आल्यावर कळलं, ते दोर नव्हते. हगवण लागलेली शेकडो माणसं उघड्या डेकवर दाटीवाटीनं पडली होती, त्यांना हलता येत नव्हतं आणि त्यांची घाण बोटीच्या अंगावरून ओघळून वाळली होती. कित्येकांच्या जखमांवरची पट्टी दिवसेंदिवस बदलली नव्हती. जखमांत किडे होते.

कार्टर यांनी वर तक्रार केली. त्यावर काय झालं? वरिष्ठांनी त्यांनाच बोलावून दटावलं, हा माणूस नसत्या उठाठेवी करतो असं ठरवलं आणि पदावरून काढण्याची धमकी दिली. त्याच सुमाराला निक्सन यांच्याकडून हिंदुस्थानात तार गेली की जखमींची व्यवस्था समाधानकारक झाली आहे. सिमल्याला बसलेल्या सरसेनापतींनी ती तार वाचली. ते स्वतः त्या आघाडीवर कधी गेलेच नाहीत.

गावाकडं आपण म्हणतो, घर जळतंय म्हणून ओरडणाऱ्याचंच तोंड दाबायचं. इथं तेच झालं. मला या सगळ्या मोहिमेतला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. रसद कमी पडणं ही चूक असू शकते, पण सांगणाऱ्याला धमकावणं ही चूक नव्हे, ती नीयत. खालच्या माणसाचं दुखणं वर पोचू द्यायचं नाही, कारण ते पोचलं तर वरच्याच्या नावाला बट्टा लागतो.

टेसिफोनहून टाउनशेंड मागं फिरले आणि 3 डिसेंबरला कूतला येऊन थांबले. कूत म्हणजे नदीच्या वळणात वसलेलं मातीच्या घरांचं गाव, तीन बाजूंनी पाणी. तुर्कांनी चौथी बाजू बंद केली. 7 डिसेंबरला वेढा पडला तो 29 एप्रिल 1916 पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच महिने.

दुष्काळ सोसलेल्या मुलखातला माणूस हे वाचताना पहिला प्रश्न विचारतो, कणगीत धान्य किती होतं? आमच्या घरची म्हातारी माणसं पाऊस लांबला की पहिलं काम हेच करत. कणगीत हात घालून अंदाज घ्यायचा आणि त्याच दिवसापासून भाकरीचा आकार लहान करायचा. कूतमध्ये हे झालं नाही. सुरुवातीला साहेबांनी धान्याचा जो हिशोब वर कळवला तो तोकडा होता. गावातल्या घरांतून किती धान्य दडलं आहे याची झडती वेळेवर घेतली नाही. जवळजवळ दीड महिना शिधा पुरा वाटला गेला.

याचा परिणाम कूतच्या आतल्यांपेक्षा आधी बाहेरच्यांनी भोगला. आतली माणसं आता उपाशी मरतील असं समजून सोडवायला निघालेली फौज घाईघाईनं, पुरती जमायच्या आतच, चिखलातून तुर्कांच्या खंदकांवर धाडली गेली. शेख साद झालं, वादी झालं, 21 जानेवारीला हन्ना झालं. प्रत्येक ठिकाणी माणसं कापली गेली. आणि त्याच आठवड्यात टाउनशेंड यांनी कळवलं की नव्यानं मोजदाद केली, धान्य आणखी 84 दिवस पुरेल! एप्रिल अखेरपर्यंत सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे 23 हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. आत वेढ्यात अडकले होते त्याहून हा आकडा मोठा आहे.

आतल्यांचे हाल हळूहळू वाढले. भाजीपाला नाही, म्हणून हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजून रक्त यायचं. घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली, पण आपली माणसं ते मांस खाईनात. धर्माच्या मोठ्या माणसांकडून हिंदुस्थानातून तारेनं परवानगी मागवली, तरी कित्येकांचा धीर होईना. भीती देवाची तशी गावाचीही होती. परत गेल्यावर पंगतीला कोण बसवील? पोरीबाळींची लग्नं कशी होतील? साहेबांना हा हट्ट वाटला. पण ज्याला उद्या गावात जगायचं आहे त्याला गाव काय म्हणेल हा प्रश्न भुकेइतकाच खरा असतो. शेवटी एप्रिलमध्ये, खाणार नाही त्याचा हुद्दा जाईल अशी तंबी मिळाल्यावर, बहुतेकांनी खाल्लं. तोवर दिवसाचं पीठ पाच औंसांवर आलं होतं, म्हणजे दीडशे ग्रॅमच्याही आत. भूक मारायला काही जण अफूची गोळी घेत. विमानांतून पिठाच्या गोण्या टाकल्या, त्यातल्या काही नदीत पडल्या, काही तुर्कांकडं. एकदा तर विमानातून जात्याचे दगड टाकले, दळायला.

म्हाताऱ्यानं घोड्याचं मांस खाल्ल्याची गोष्ट बायकोला मरेपर्यंत सांगितली नाही. आबांना एकदा सांगितली, तीही रानात, आजूबाजूला कुणी नाही हे बघून.

या दिवसांत सेनापती काय करत होते? ते आपल्या घरातून खलिते लिहीत. दवाखान्यात जखमींच्या खाटांपाशी ते क्वचितच दिसत, असं त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनीच पुढं लिहिलं. वेढ्यातूनच त्यांनी स्वतःच्या बढतीसाठी तारा केल्या. आणि आपल्या अडचणीचं खापर ते हिंदी शिपायांवर फोडत राहिले, सगळे गोरे शिपाई असते तर वेगळं झालं असतं असं म्हणत. दीडशे ग्रॅम पिठावर खंदकात उभ्या असलेल्या माणसाबद्दल हे बोलणं होतं.

शेवटी तुर्कांना पैसे देऊन सुटका होते का ते बघितलं. आधी दहा लाख पौंड, मग वीस लाख. तुर्कांनी नकार दिला. 29 एप्रिलला कूत पडलं. नोकर-चाकर धरून सुमारे 13 हजार माणसं कैदेत गेली. खलील पाशानं टाउनशेंड यांची तलवार त्यांना परत दिली. साहेबांचा एक लाडका कुत्रा होता, स्पॉट नावाचा. तो कुत्रा तुर्कांच्या परवानगीनं बसऱ्याला पाठवला गेला आणि तिथून सुखरूप विलायतेला पोचला.

शिपायांना कूतपासून काही मैलांवर शुमरान इथं उघड्यावर ठेवलं. तुर्कांनी टणक बिस्किटं दिली. महिनोन्‌महिने उपाशी पोटं, त्यात ती बिस्किटं. पहिल्या काही दिवसांतच माणसं तडफडून मरायला लागली. मग सेनापतींची बोट तिथून वर जायला निघाली. बोट छावणीसमोरून गेली तेव्हा ज्यांना उभं राहता येत होतं ते काठावर धावले आणि त्यांनी साहेबांचा जयजयकार केला. हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा चकित झालो नाही, कारण ते मी आधीच ऐकलं होतं. म्हातारा म्हणायचा, "आमी समदे उठलो. सलाम ठोकला. आमाला वाटलं, सायेब चालला म्हंजे वर जाऊन आमचं काय तरी करंल."

साहेब थेट इस्तंबूलला गेले. तिथं त्यांचा सन्मान झाला, मेजवानी झाली. समुद्रातल्या एका बेटावर त्यांना बंगला मिळाला, दिमतीला माणसं मिळाली. 1917 साली कैदेत असतानाच त्यांना इंग्रज सरकारनं 'सर' केलं.

शिपायांना अधिकाऱ्यांपासून वेगळं केलं आणि चालवलं. कूतपासून बगदाद, तिथून थोडं आगगाडीनं सामऱ्यापर्यंत, आणि पुढं वाळवंटातून मोसुल, रास-अल-ऐन. शेकडो मैल, उन्हाळ्याचे दिवस. बूट वाटेत काढून घेतले गेले. जो पडला तो तिथंच राहिला. जे पोचले त्यांना रेल्वेच्या कामावर लावलं. कूतमध्ये पकडलेल्या सुमारे 2600 गोऱ्या शिपायांपैकी सतराशेंवर कैदेत मेले. हिंदी शिपायांत आणि नोकरांत हा आकडा अडीच हजारांच्या आसपास धरतात. आबांचा चुलता यांतलाच एक. कुठं पडला ते कळलं नाही. म्हाताऱ्याला एवढंच आठवत होतं की मोसुलच्या पुढं एका सकाळी तो उठला नाही.

तुर्कांचं पाप तुर्कांच्या पदरी. पण त्याच वाटेनं आणखी एक इंग्रज सेनापती गेले, मेजर जनरल मेलिस. ते आजारी होते म्हणून मागून निघाले. वाटेत त्यांना आपले शिपाई खानावळींच्या पडवीत, ओढ्याच्या काठाला, माशा बसलेल्या अवस्थेत मरताना दिसले. ते थांबले. स्वतःजवळचं होतं ते त्यांना खायला दिलं, जमेल त्यांना बरोबर घेतलं, प्रत्येक ठाण्यावर तुर्की अधिकाऱ्यांशी भांडले आणि एन्व्हर पाशाला खरमरीत पत्रं लिहिली. तेही कैदीच होते, त्यांच्या हातातही सत्ता नव्हती. म्हणजे 'कैदेत असताना सेनापती काय करणार?' या सबबीला उत्तर त्याच रस्त्यावर होतं. एन्व्हर पाशाच्या पाहुणचारात बसलेल्या माणसाचा शब्द तर जास्त वजनाचा ठरला असता.

1917 च्या जूनमध्ये इंग्रज सरकारच्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल बाहेर आला. जखमींच्या हालांबद्दल त्यानं निक्सनपासून सिमल्यापर्यंत सगळ्यांना दोष दिला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला, खरं तर त्यांचा दोष त्यात कमीच होता. कोर्ट मार्शल मात्र एकाही सेनापतीचं झालं नाही. टाउनशेंड यांना पुढं फौज मिळाली नाही. 1920 साली ते विलायतेच्या पार्लमेंटात निवडून गेले, त्याच साली मोहिमेवर पुस्तक लिहिलं, आणि 1924 साली पॅरिसमध्ये वारले.

हे सगळं वाचून झाल्यावर माझं मन एका गोष्टीपाशी अडतं. आपल्याकडं गावजेवणाचा एक रिवाज आहे. ज्याच्या हातात वाढण्याचं पातेलं असतं तो शेवटच्या पंगतीला बसतो. आधी बसला तर त्याला कुणी शिक्षा करत नाही, पण पुढच्या वर्षी त्याच्या हातात पातेलं देत नाहीत. फौजेचाही कायदा तोच आहे. डेहराडूनच्या लष्करी अकादमीत 1932 साली सरसेनापती चेटवुड यांनी सांगितलेलं सूत्र कोरून ठेवलं आहे: देश पहिला, हाताखालची माणसं त्यानंतर, आणि स्वतःचं सुख सगळ्यात शेवटी. आपल्या फौजेतल्या कित्येक अधिकाऱ्यांनी ते जीव देऊन पाळलं आहे. पण सूत्र भिंतीवर कोरलं म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. 2008 साली आपल्या संसदेच्या संरक्षणविषयक समितीला सांगावं लागलं की जवानाला साहेबाच्या घरी राबवणारी साहाय्यक पद्धत बंद करा. सुट्टीवर आलेल्या पोरांशी पारावर बसून बोललं की कळतं, त्यांना बर्फाची तक्रार नसते, उन्हाची नसते. तक्रार असते ती माणसासारखं न वागवण्याची. आणि ती कुणाकडं करायची, हा कार्टर यांच्यापुढचाच प्रश्न त्यांच्यापुढंही असतो.

म्हाताऱ्याला एकदा आबांनी विचारलं होतं, "सायबाचा राग न्हाय आला तुला?" तो बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "राग कशाचा? सायेब वाईट न्हवता. त्येला आमी दिसलोच न्हाय."

बसऱ्याला या मोहिमेतल्या मृतांचं मोठं स्मारक आहे, 1929 साली उभारलेलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायांची नावं दगडावर नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढं 'इतर इतके शिपाई' असा आकडा. 2021 साली राष्ट्रकुलाच्या युद्धकबर आयोगानं अहवाल काढून हा भेदभाव झाल्याचं कबूल केलं.

आमच्या जिल्ह्यात आपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, त्या एका गावचे 46 जण त्या महायुद्धात कामी आले. गावोगावी इंग्रजांनी संगमरवरी पाट्या लावल्या, त्यांवरही गेले किती आणि मेले किती एवढंच. आमच्या गावची पाटी जुन्या चावडीच्या भिंतीत होती, आता शाळेच्या व्हरांड्यात टेकवून ठेवली आहे. तिच्यावर आकडा 7 आहे. चार वर्षं म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून, जुने पेन्शनचे कागद आणि भाटांच्या वह्या धुंडाळून मी पाच नावं जमवली. शाळेनं ती पाटीखाली रंगानं लिहून घेतली. दोन राहिली आहेत. त्यातलं एक वरच्या आळीतलं असावं, कारण तिथल्या एका म्हातारीला तिच्या सासूनं सांगितलं होतं की दिरानं जाताना आंब्याची कोय पुरली होती. आंबा अजून आहे. नाव मात्र तिला आठवत नाही. तिच्या माहेरी एकदा जाऊन विचारायचं आहे.